सोवळ्यातलं सनस्क्रीन

सोवळं-ओवळं आपल्या घरांतून केव्हाच गेलं, अशी आपली एक समजूत आहे. ते गेलेलं नाही. स्वयंपाकघरातून उठून ते बेसिनवरच्या आरशामागच्या कपाटात जाऊन बसलं आहे. तिथे सनस्क्रीनच्या दोन जाती नांदतात, एक मिनरल आणि एक केमिकल. मिनरलच्या ट्यूबवर तसं ठळक अक्षरांत छापलेलं असतं, शेजारी एखादं हिरवं पानही काढलेलं असतं. केमिकलच्या ट्यूबवर 'केमिकल' असं छापलेलं कधी सापडत नाही, कारण आपण ओवळ्यातले आहोत असं कोणी कपाळावर लिहून हिंडत नाही. ते दुसऱ्यांनी म्हणायचं असतं, आणि म्हणणाऱ्यांना काही तोटा नाही. 'तुझी स्किन सेन्सिटिव्ह आहे ना? मग केमिकलला हातसुद्धा लावू नकोस,' हे वाक्य आज ज्या आवाजात म्हटलं जातं, त्या आवाजात पूर्वी फक्त 'ओलेत्याने पाणी भर' एवढंच सांगितलं जायचं. माझं म्हणणं असं की हा दंडक बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण चुकीच्या कारणासाठी बरोबर आहे. आणि कारण चुकलं की माणूस बरोबर दुकानात जातो आणि चुकीची ट्यूब घेऊन घरी येतो.

आधी या सेन्सिटिव्ह स्किनकडे बघू. पूर्वी घरात एखाद्याचीच त्वचा नाजूक असायची, बाकीच्यांना नुसती त्वचा असायची. आता वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या बघाव्यात तर निम्म्याहून अधिक बायका आपली त्वचा संवेदनशील असल्याचं सांगतात आणि पुरुषही त्यांच्या फार मागे नाहीत. शास्त्रज्ञांची पंचाईत अशी की ही संवेदनशीलता पुष्कळदा डोळ्यांना दिसतच नाही. ज्या गोष्टीने एरवी काही होऊ नये तिने चुणचुण, जळजळ, खाज किंवा ओढल्यासारखं होणं, अशी तिची व्याख्या आहे. म्हणजे पुरावा काय, तर तक्रार. त्यावर एक जुनी परीक्षा आहे. नाकपुडीच्या बाजूच्या घडीत लॅक्टिक ॲसिड, म्हणजे दह्याला आंबट करणारं तेच आम्ल, पुसायचं आणि विचारायचं, 'किती झोंबतंय?' शास्त्रातली ही बहुधा एकमेव परीक्षा असेल, जिचे गुण विद्यार्थी स्वतःच देतो.

हे सगळं मनाचे खेळ आहेत असं मात्र मला म्हणायचं नाही. ज्यांना इसब आहे, रोझेशिया आहे, त्यांच्या त्वचेचं कुंपण खरोखरच मोडलेलं असतं आणि नको ते आत शिरतं. पण त्यांच्या रांगेत दुसरी एक मोठी मंडळी येऊन उभी राहिली आहे. महिन्यातून एकदा पार्लरमध्ये ब्लीच, त्याच्या पुढच्या आठवड्यात 'डी-टॅन', रात्री रेटिनॉल, सकाळी व्हिटॅमिन सी, रविवारी ग्लायकोलिकचं पील, आणि मग सोमवारी सनस्क्रीन झोंबलं की 'माझी स्किन फारच सेन्सिटिव्ह'. इतकं सोलल्यावर कांदाही सेन्सिटिव्ह होईल. अशा चेहऱ्यापुढे खनिज की रसायन हा प्रश्न मुळात उभाच राहत नाही. त्याला महिनाभर सुट्टी हवी असते.

आता मिनरलच्या सोवळ्याकडे वळू. मिनरल सनस्क्रीन म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, किंवा दोन्ही. नाव ऐकून असं वाटतं की सह्याद्रीच्या कुशीत कुठेतरी खाण आहे, तिथून हे पांढरं शुभ्र पीठ काढतात, झऱ्याच्या पाण्यात धुतात आणि ट्यूबमध्ये भरतात. निसर्गात सापडणारं झिंक ऑक्साइडचं खनिज दुर्मीळ असतं, भेसळीमुळे तांबडं-पिवळं दिसतं, आणि ते कोणी चेहऱ्याला लावत नाही. ट्यूबमधलं पीठ कारखान्यात होतं. जस्त नऊशे अंशांच्या वर तापवून त्याची वाफ करायची, ती हवेत पेटवायची आणि जो पांढरा धूर जमेल तो गोळा करायचा, ही त्याची सर्वांत प्रसिद्ध रीत. आपल्याकडे यशद भस्म म्हणतात तेही या कुळातलंच. म्हणजे मिनरल हेसुद्धा केमिकलच आहे. नवल नाही, कारण पाणीही केमिकल आहे, आणि ते सोवळ्यात सर्वांत आधी लागतं.

या शुद्धतेची दुसरी कथा आरशाची. मिनरल सनस्क्रीन त्वचेवर बसतं आणि आरशासारखं ऊन परत पाठवतं. केमिकल सनस्क्रीन ऊन आत ओढून घेतं, त्याची उष्णता करतं आणि नाजूक त्वचा भाजते, असं सांगितलं जातं. चित्र इतकं सुरेख आहे की ते खोटं ठरवताना वाईट वाटतं. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे पीठ नीट मोजून पाहिलं, तेव्हा अतिनील किरणांच्या पट्ट्यात त्याने सरासरी जेमतेम चार-पाच टक्के किरण परतवलेले दिसले. बाकीचं काम ते शोषूनच करतं, म्हणजे अगदी त्या ओवळ्या केमिकलसारखं, आणि शोषलेल्याची उष्णता तेही करतं. ही उष्णता इतकी किरकोळ असते की मे महिन्यात नागपूरच्या व्हरायटी चौकात उभ्या असलेल्या माणसाने तिच्याबद्दल तक्रार करणं म्हणजे पुरात भिजलेल्याने दवाबद्दल कुरकुरणं. आता गंमत बघा. हे पीठ आरसा आहे हे अगदीच खोटं नाही. ते खूप प्रकाश परतवतं, पण जो आपल्याला दिसतो तो. म्हणून तर टायटॅनियम डायऑक्साइड भिंतीच्या रंगात घालतात आणि झिंक ऑक्साइडचा पांढरा रंग चित्रकारांच्या पेटीत असतो. आरसा आहे खरा, पण तो सूर्यासाठी नव्हे, बघणाऱ्या शेजाऱ्यांसाठी आहे.

मग नाजूक त्वचेने मिनरलकडे जावंच का? जावं, आणि त्याचं कारण अगदी नीरस आहे. जस्त आणि टायटॅनियमच्या या पिठांची ॲलर्जी सहसा कोणाला होत नाही. ते त्वचेशी बोलत नाहीत, भांडत नाहीत, चाळीतल्या अबोल भाडेकरूसारखे राहतात. उलट काही जुन्या केमिकल फिल्टरांचा, म्हणजे ऊन अडवणाऱ्या द्रव्यांचा, स्वभाव खरोखरच कुरापतखोर आहे. संपर्काने होणाऱ्या ॲलर्जीचा अभ्यास करणारी अमेरिकी डॉक्टरांची संघटना दरवर्षी एका पदार्थाला 'वर्षाचा ॲलर्जन' असा किताब देते, आपल्याकडे आदर्श शिक्षक पुरस्कार देतात तसा. २०१४ चा मान बेंझोफिनोन कुळाला मिळाला, आणि ऑक्सिबेंझोन हा सनस्क्रीनमधला जुना फिल्टर त्याच कुळातला. ॲव्होबेंझोन घामाबरोबर डोळ्यांत उतरलं की काय होतं, हे ज्याने भर दुपारी क्रिकेट खेळलं आहे त्याला समजावून सांगायला नको. तेव्हा नाजूक त्वचेने जस्तापासून सुरुवात करावी, या दंडकाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिथेच थांबण्याला.

कारण गुन्हेगार पुष्कळदा दुसराच असतो. युरोपातल्या १२ देशांत मिळून १०३१ रुग्णांवर केलेली एक मोठी तपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. हे सगळे असे लोक, ज्यांना ऊन आणि अंगाला लावलेलं काहीतरी यांची मिळून ॲलर्जी असावी असा संशय होता. त्यांच्या पाठीवर सनस्क्रीनचे १९ केमिकल फिल्टर लावले आणि सोबत दुखण्यावर चोळायच्या मलमांतली पाच औषधंही लावली. पहिला नंबर कोणाचा आला? किटोप्रोफेन नावाच्या वेदनाशामकाचा. दुसराही अशाच एका मलमातल्या औषधाचा. ऑक्टोक्रायलीन आणि ऑक्सिबेंझोन हे फिल्टर त्यांच्यामागून आले, आणि त्यातही ऑक्टोक्रायलीनवर फुललेले बरेचसे लोक मुळात किटोप्रोफेनने बिघडलेले असतात, असं दिसून आलं आहे. म्हणजे गुडघ्याला मलम चोळायचं, त्यावर ऊन खायचं, पुरळ आलं की आळ सनस्क्रीनवर घ्यायचा. आणि हे संशयितांमधलं प्रमाण आहे हेही विसरून चालणार नाही. पोलीस ठाण्यात बसून मोजलं तर गावात चोर जास्तच दिसणार.

उरलेले गुन्हेगार ट्यूबच्या मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत बसलेले असतात. सुगंध, टिकवण्यासाठी घातलेली द्रव्यं, पटकन सुकावं म्हणून ओतलेलं अल्कोहोल, शिवाय 'नैसर्गिक' म्हणून घातलेली लव्हेंडर आणि लिंबाच्या सालीची तेलं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकवणारं द्रव्य २०१३ चं मानकरी, ऑक्सिबेंझोनच्या एक वर्ष आधीचं. २०१७ पासून युरोपात ते चेहऱ्यावर लावून तसंच ठेवायच्या क्रीममध्ये घालता येत नाही. युरोपातला तो अपवाद सोडला तर यातलं काहीही मिनरल सनस्क्रीनमध्ये असायला बंदी नाही. समोर 'शंभर टक्के मिनरल' लिहायचं आणि मागे गुलाबाचा वास घालायचा, हे सोवळं नेसून वडापावच्या गाडीवर उभं राहण्यासारखं झालं. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेट. हे द्रव्य बऱ्याच 'पूर्ण मिनरल' ट्यूबांमध्ये असतं. त्याची रचना ऑक्टिसॅलेट नावाच्या नोंदणीकृत केमिकल फिल्टरच्या सख्ख्या चुलतभावासारखी, आणि तेही अतिनील किरण शोषतं. पण फिल्टरांच्या अधिकृत यादीत त्याचं नाव नाही, म्हणून ते मिश्रण नीट विरघळवणारं, एसपीएफला हातभार लावणारं म्हणून मागच्या दाराने पंगतीत येऊन बसतं. पंगतीला सोवळ्याचा नियम आहे, वाढप्याला नाही.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. 'ते सगळं असू दे हो, पण केमिकल रक्तात जातं त्याचं काय?' जातं, हे खरं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वतःच २०१९ आणि २०२० साली त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात २४ निरोगी माणसांना चार दिवस, रोज चार वेळा, अंगाच्या तीन चतुर्थांश भागावर सनस्क्रीन फासलं आणि रक्त तपासलं. फिल्टर रक्तात सापडले, दर मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमची जी रेघ प्रशासनाने आखली आहे तिच्या पुष्कळ वर. लोकांनी ती रेघ धोक्याची समजली. ती धोक्याची रेघ नाही, अभ्यासाची आहे. तिच्या वर गेलेल्या द्रव्याच्या कंपनीने आणखी चाचण्या करून दाखवाव्यात, एवढाच तिचा अर्थ. २०१९ मध्येच प्रशासनाने १६ फिल्टरांची छाननी केली. दोघांना, म्हणजे जस्त आणि टायटॅनियमला, पास केलं; दोघांना नापास केलं; आणि बाराजणांचा निकाल राखून ठेवला. निकाल राखून ठेवलेला विद्यार्थी आणि नापास विद्यार्थी यांतला फरक ज्यांना मुंबई विद्यापीठात शिकण्याचं भाग्य लाभलं आहे, त्यांना मी काय सांगणार! सनस्क्रीन लावणं थांबवा असं प्रशासनाने तेव्हाही म्हटलं नाही. ज्यांना ही अनिश्चितता नको आहे त्यांनी, किंवा गरोदर बायकांनी आणि लहान मुलांच्या आईवडिलांनी जस्त घ्यावं; त्यात शहाणपणच आहे. शिवाय फिल्टरांची नवी पिढी मुद्दाम धिप्पाड रेणूंची बनवली आहे, कारण पाचशे डाल्टनच्या (हे रेणू तोलायचं माप) वरचे रेणू त्वचेतून सहसा आत जात नाहीत. बेमोट्रिझिनॉल हा त्यांतला एक, सव्वासहाशे डाल्टनचा. युरोपात तो वीसहून अधिक वर्षं वापरात आहे, आपल्याकडच्या ट्यूबांतही दिसतो. डब्यावर त्याचं पूर्ण नाव बिस-इथाइलहेक्सिलऑक्सिफिनॉल मिथॉक्सिफिनिल ट्रायझिन असं असतं. ते वाचून होईपर्यंत ऊन उतरतं, हा त्याचा आणखी एक फायदा.

आणि ओवळ्याच्या बाजूने एक साक्ष आहे, तिचा उल्लेख मिनरलवाले कधी करत नाहीत. सनस्क्रीन लावल्याने खरंच काही होतं का, याचा जगातला सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावातून आला. १९९२ ते १९९६ अशी साडेचार वर्षं तिथल्या १६२१ लोकांपैकी निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना म्हटलं, तुमची मर्जी. रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या एका प्रकारच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे मेलॅनोमाही निम्म्यावर आल्याचं दिसलं, आणि त्वचेवर वयाच्या खुणाही कमी दिसल्या. त्या ट्यूबमध्ये काय होतं? ऑक्टिनॉक्सेट आणि ॲव्होबेंझोन. दोन्ही केमिकल, दोन्ही जुने, आणि एसपीएफ अवघा सोळा-सतराच्या घरातला. आजच्या कपाटात ती ट्यूब मोलकरणीच्या कपबशीसारखी वेगळी ठेवली गेली असती. नॅम्बोरकरांची करामत ट्यूबमध्ये नव्हती, ती 'रोज' या शब्दात होती.

आता माझ्या मते या वादातला खरा मुद्दा, ज्याकडे गोऱ्या देशांतून आलेला हा वाद बघतच नाही. तो आपल्या रंगाचा. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा कसा काढतात ते बघा. स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने क्रीम लावतात, दिव्याखाली धरतात, आणि दुसऱ्या दिवशी पाठ कुठे लाल झाली ते बघतात. लाल झालेलं दिसायला पाठ गोरी लागते, म्हणून सावळ्या पाठींना या परीक्षेत बसवतच नाहीत. म्हणजे तो पन्नासचा आकडा गोऱ्या पाठीच्या लालीचा आहे. आपल्याकडे उन्हाची मुख्य तक्रार लालीची नसते. 'लाल झालं' म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणारी बाई विरळा. जाते ती वांग आले म्हणून. आणि वांगाला नुसते अतिनील किरण कारण नसतात, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही पुरतो. २०१० साली केलेल्या एका प्रयोगात दिसणाऱ्या उजेडाने सावळ्या त्वचेवर काळेपणा उमटला आणि दोन आठवडे टिकला, तोच उजेड गोऱ्या त्वचेवर पाडला तर काहीच झालं नाही. जस्ताचं बारीक दळलेलं, चेहऱ्यावर न दिसणारं पीठ या उजेडापुढे हात टेकतं. केमिकल फिल्टरही टेकतात. तो अडवायला लागतं लोह ऑक्साइड, म्हणजे आपला तुळशीवृंदावनाला फासायचा गेरू, त्याच्या पिवळ्या-काळ्या भावंडांसकट. म्हणून वांग असलेल्यांना डॉक्टर 'टिंटेड' सनस्क्रीन सांगतात, आणि मेक्सिकोत वांगाच्या रुग्णांवर झालेल्या तुलनेत असं गेरूवालं सनस्क्रीन साध्या सनस्क्रीनपेक्षा सरस ठरलंही. जस्त आणि गेरू ही जोडी आपल्याला नवी नाही. कांजिण्यांना आणि घामोळ्यांना लावायचं ते गुलाबी कॅलामाइन लोशन म्हणजे झिंक ऑक्साइडमध्ये किंचित लोह ऑक्साइड. तेव्हा घरातली सगळी मुलं गुलाबी होऊन फिरत होती आणि मिनरल की केमिकल असं कोणी विचारत नव्हतं.

बिनगेरूचं, भरपूर जस्ताचं सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर कसं दिसतं? नव्वदच्या दशकात क्रिकेट बघितलेल्यांना ॲलन डोनाल्ड आठवत असेल, नाकावर आणि गालांवर पांढरे पट्टे ओढून धावत येणारा. त्याला ते शोभायचं, कारण तो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकायचा आणि त्याला हसायची कोणाची छाती नव्हती. ठाण्याहून सकाळी आठ सतराची लोकल पकडणाऱ्या माणसाला ती सवलत नाही. तो ऑफिसात पोचला की चेहरा राखाडी, मान मूळ रंगाची, आणि सहकारी विचारतात, 'बरं वाटत नाही का?' मग तो काय करतो? कमी लावतो. इथे सगळा हिशेब कोसळतो. परीक्षेतल्या दोन मिलिग्रॅमच्या जागी माणसं साधारण पाव ते निम्मं लावतात असं वारंवार मोजलं गेलं आहे, आणि थर अर्धा झाला की एसपीएफ किमान अर्ध्यावर येतो, काही मोजमापांत तर त्याहूनही खाली. पांढरं पडतं म्हणून चिमूटभर लावलेलं सोवळ्यातलं पन्नास हे भरपूर लावलेल्या ओवळ्या तीसपेक्षा खालचं ठरतं. तसाही तीसमधून तीन-साडेतीन टक्के ऊन गळतं आणि पन्नासमधून दोन. त्या दीड टक्क्यासाठी दुकानदाराशी घातलेली हुज्जत आणि लावताना दाखवलेली काटकसर या दोन गोष्टी एकाच माणसात बघायला मिळतात.

मिनरल लिहिलं म्हणजे आकडा तरी खात्रीचा, असं समजणाऱ्यांसाठी २०२५ ची एक गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या चॉइस या ग्राहक संस्थेने बाजारातली २० सनस्क्रीनं प्रयोगशाळेत तपासली. १६ जणांना डब्यावरचा आकडा गाठता आला नाही. त्यांत सर्वांत खाली गेलेल्या ट्यूबवर ५०+ लिहिलेलं होतं आणि आत निघाला चार. ती ट्यूब जस्ताची होती. पुढे ती बाजारातून मागे घेतली गेली, आणि त्याच मूळ मिश्रणावर इतरही कंपन्यांची क्रीमं उभी असल्याचं उघड झालं. याचा अर्थ जस्त वाईट असा होत नाही. जस्ताचं पीठ क्रीममध्ये सारखं पसरवणं हे बेसनाच्या गुठळ्या मोडण्याइतकंच कौशल्याचं काम आहे, आणि ते जमलं नाही तर चेहऱ्यावर गुठळ्यांमधल्या फटी उरतात, एवढाच.

दुसरा आक्षेप आजीचा. 'आमच्या आजीने आयुष्यभर शेतात काम केलं, कुठे लावलं होतं सनस्क्रीन?' लावलं होतं. डोक्यावरून घेतलेला नऊवारीचा पदर, दंडापर्यंतची चोळी, आणि दुपारी बारा ते तीन झाडाखाली. शिवाय सावळ्या कातड्यातलं रंगद्रव्य, जे आपलं आपण थोडंफार ऊन अडवतं; म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या देशांच्या मानाने कमी आहे. पण आजीच्या गालांवर वांग होते की नाही, ते फोटो काळा-पांढरा असल्याने समजायला मार्ग नाही. पदराची परंपरा पुण्याच्या मुलींनी मात्र सोडलेली नाही. दुचाकीवर बसण्यापूर्वी स्कार्फचे तीन वेढे, वर गॉगल, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि पाठीमागून बघितलं तर जन्मदात्यांनाही ओळखू येऊ नये असा तो सनकोट. बाहेरगावची माणसं याला हसतात. त्वचारोगतज्ज्ञ हसणार नाहीत. हे खरं मिनरलपेक्षाही सोवळं सनस्क्रीन आहे. त्यात सुगंध नाही, फिल्टर नाही, रक्तात जात नाही, दर दोन तासांनी परत लावावं लागत नाही. अट एकच, वीण दाट हवी आणि रंग गडद. झिरझिरीत पांढरी ओढणी उन्हाच्या दृष्टीने जवळजवळ पारदर्शक असते. तिचा उपयोग फक्त शेजारच्या सोसायटीतल्या काकूंनी ओळखू नये एवढाच.

तिसरा आक्षेप प्रवाळांचा. हवाईने ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेटच्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली, ती २०२१ पासून लागू आहे. पलाऊची त्याच्या एक वर्ष आधीच लागू झाली होती. आपल्याकडेही मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तिथे स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यांनी जस्त लावावं, त्याहून बरं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा. पण साताऱ्याहून कऱ्हाडला निघालेल्या माणसाने प्रवाळांसाठी ट्यूब बदलण्याची गरज नाही.

तेव्हा नाजूक त्वचेने करायचं काय? माझा कौल असा. जस्ताचं, सुगंध नसलेलं आणि गेरूची छटा असलेलं सनस्क्रीन आधी आणावं. समोरचं हिरवं पान न बघता मागची बारीक अक्षरं वाचावीत, गरज पडली तर चष्मा लावून. आठवडाभर रोज कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघावं. तिथे शांतता राहिली तर चेहऱ्यावर घ्यावं. चेहरा राखाडी दिसत असेल, क्रीमच्या वळ्या निघत असतील, आणि म्हणून हात आखडता घेतला जात असेल, तर ते सोवळं बिनदिक्कत सोडावं आणि धिप्पाड रेणूंच्या नव्या केमिकल फिल्टरांकडे जावं. त्यात काही बाट होत नाही. ज्याचा थर आपण कुरकुर न करता रोज पुरता लावतो, तेच आपल्यापुरतं शुद्ध.

आता उठून तो कपाटाचा आरसा जरा उघडा. चेहरा आणि मान यांना मापाप्रमाणे एका वेळी साधारण सव्वा ग्रॅम लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन जाड रेघा. सकाळी एकदा, दुपारी एकदा असं धरलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. गेल्या अक्षय्य तृतीयेला आणलेली तुमची ट्यूब अजून द्रौपदीच्या थाळीसारखी पुरत असेल, तर ती मिनरल आहे की केमिकल हे वाचायला चष्मा शोधू नका.